हद्दीवरची शाळा

अमरावती रस्त्याने नागपूर सोडताना महापालिकेची हद्द नेमकी कुठे संपते आणि वाडी कुठे सुरू होते, हे नवख्या माणसाला कळत नाही. दोन्हीकडे दुकानांची तीच ओळ, ट्रकांची तीच गर्दी, भिंतींवर शिकवणी वर्गांच्या त्याच जाहिराती. अंबाझरीची आयुध निर्माणी आणि तिची वसाहत, जवळच हिंगण्याची एमआयडीसी, रस्त्याला लागून ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामे, यांच्या आधाराने वाडी वाढली. २०११च्या जनगणनेने तिची नोंद शहर म्हणून केली, तेव्हाही कारभार ग्रामपंचायतच पाहत होती; नगर परिषद त्यानंतर आली. मोठ्या माणसाला ही हद्द कर भरताना आठवते. सहा वर्षांच्या मुलाचे मात्र बरेच काही तिच्यावर ठरते: त्याची शाळा कोण चालवणार, शिक्षक कोण नेमणार, छत गळले तर अर्ज कुणाच्या टेबलावर जाणार.

या पुस्तकाचा विषय आहे शहरांतल्या सार्वजनिक शाळांच्या सुधारणेवरून झालेला आणि अजून चाललेला वाद. त्यातला मोठा भाग अमेरिकेतला आहे, कारण गेल्या चाळीस वर्षांत या एका प्रश्नावर तिथे जितके प्रयोग, कायदे, खटले आणि भांडणे झाली, तितकी क्वचितच दुसरीकडे झाली असतील. उरलेला भाग आपला आहे. वाडीतल्या वाचकाने शिकागो आणि न्यू ऑर्लिन्सबद्दल का वाचावे, याचे उत्तर देणे प्रस्तावना लिहिणाऱ्याकडे येते. माझे उत्तर असे आहे: तिथे शाळांचे चालक पुन्हा पुन्हा बदलले गेले, आणि आपल्याकडे शहराच्या कडेला असलेल्या शाळेला धड चालकच उरलेला नाही. शाळा कशी असावी, यावर दोन्हीकडे खूप बोलले जाते. तिचा जबाब कुणी द्यायचा, हे ठरवायचे राहून जाते, आणि ते ठरल्याशिवाय बाकीची सुधारणा टिकत नाही.

आधी आपल्या दारातले पाहू. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या विषयांची अकरावी अनुसूची आली. तिच्यात प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. शहरांसाठी चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने बारावी अनुसूची दिली. तिच्यात शाळा हा शब्दच नाही. सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन, एवढे एक मोघम कलम आहे. म्हणजे गाव वाढून शहर झाले की त्याच्या कारभाऱ्यांच्या यादीतून शाळा गळते. उमरेड, काटोल अशा जुन्या नगर परिषदांच्या स्वतःच्या शाळा आहेत. त्या परंपरेने चालत आल्या. नव्याने शहर झालेल्या वस्तीला ती परंपरा नसते. तिथली जिल्हा परिषदेची शाळा जिल्हा परिषदेकडेच राहते, पण शाळेपुढचा रस्ता, नाली, दिवा आणि कचरा नगर परिषदेकडे जातो. मुख्याध्यापकाला एका भिंतीसाठी दोन कार्यालयांत फिरावे लागते.

याहून गंभीर गोष्ट मतदानाची आहे. जिल्हा परिषदेचे गट ग्रामीण भागात पाडतात; नगर परिषदेच्या हद्दीतला मतदार जिल्हा परिषदेला मत देत नाही. वाडी ग्रामपंचायत होती तोवर शाळेची तक्रार घेऊन जायला जिल्हा परिषदेचा सदस्य होता, मत मागायला तो दारात येत होता. नगर परिषद झाली आणि तो सदस्य गेला. आता शाळा ज्यांच्या हाती आहे त्यांना इथल्या मतदाराची गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्या हाती शाळा नाही. शहर होण्याच्या आनंदात ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. नगर परिषदेच्या मालमत्ता कराच्या पावतीवर शिक्षण उपकराची ओळ असते. १९६२च्या कायद्याने वसूल होणारा हा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. आपण आपल्या वस्तीतल्या शाळेसाठी भरतो, असे ती ओळ वाचून वाटणाऱ्या नागरिकाला त्यातला किती पैसा परत त्याच शाळेत आला, हे विचारायची जागा नाही.

पैसा कुणी द्यायचा आणि कारभार कुणी करायचा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे महाराष्ट्रात फार आधी स्वच्छपणे मांडले ते जोतीराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगाला दिलेले निवेदन आपण बहुतेक वेळा सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीसाठी आठवतो. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळू नका, शिक्षक शक्यतो कष्टकरी जातींतून घ्या आणि त्यांना प्रशिक्षण द्या, हे सगळे त्यात आहे. शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा, इतक्या तपशिलात ते उतरतात. पण त्याच निवेदनात शहरांबद्दल एक सूचना आहे आणि ती या पुस्तकासाठी सर्वांत मोलाची आहे. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा, मात्र व्यवस्थापन सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, शिक्षण खात्याची देखरेख राहावी, असे फुले म्हणतात. शाळेची झळ आणि शाळेचा खर्च एकाच वस्तीत असावा, आणि वर पाहणारा कुणी तरी असावा. एकशे चाळीस वर्षांनंतर वाडीला याहून चांगला आराखडा मला सुचत नाही.

अमेरिकेत शाळा स्थानिक असतात, हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. ते खरे आहे, आणि तिथल्या दुखण्याचे मूळही तेच आहे. प्रत्येक शालेय जिल्ह्याचे स्वतःचे मंडळ, आणि शाळेच्या पैशाचा मोठा वाटा त्या भागातल्या घरांवरच्या करातून. श्रीमंत उपनगराची घरे महाग, म्हणून शाळा सधन. ओस पडत चाललेल्या शहरी वस्तीचा कर जास्त दराने भरूनही शाळा गरीब. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एजवुड भागातले पालक याविरुद्ध न्यायालयात गेले. १९७३मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितले की शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही. दुसऱ्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्याचा आदेश शहराची हद्द ओलांडून उपनगरांवर लादता येणार नाही, असा निकाल आला. शहराच्या नकाशावरची रेघ कायद्याने पक्की झाली. पुढे तिथे जे काही झाले ते या दोन निकालांच्या चौकटीत झाले, असे माझे मत आहे. आपल्या घटनेत २००२च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने कलम २१-क आले, सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. एजवुडच्या पालकांना जे मिळाले नाही ते वाडीतल्या गोदाम-हमालाच्या मुलाकडे कागदोपत्री आहे. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आपण ती फार थोडी वापरतो.

रेघ हलवता येत नाही म्हटल्यावर तिथल्या सुधारकांनी रेघेच्या आतले चालक बदलायला घेतले. १९८३च्या एका सरकारी अहवालाने देशाची शाळा बुडते आहे अशी हाकाटी केली. १९९०मध्ये विस्कॉन्सिन राज्याने मिलवॉकी शहरातल्या गरीब पालकांना खासगी शाळेसाठी सरकारी पैशाची सोय केली. १९९१मध्ये मिनेसोटा राज्याने चार्टर शाळांचा पहिला कायदा केला, म्हणजे पैसा सरकारचा आणि चालवणार दुसरी संस्था. जानेवारी २००२मध्ये धाकट्या बुश यांनी सही केलेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी बंधनकारक केली, आणि निकाल सुधारला नाही तर शाळेवर कारवाई. शिकागो, न्यूयॉर्क अशा शहरांत शाळांचे अधिकार महापौरांकडे गेले. थोरल्या बुश यांच्या शिक्षण खात्यात काम केलेल्या आणि या साऱ्या धोरणांना पाठिंबा दिलेल्या इतिहासकार डायान रॅविच यांनी २०१०मध्ये पुस्तक लिहून आपले मत जाहीरपणे बदलले, तेव्हा तिथे खळबळ उडाली.

न्यू ऑर्लिन्सची कथा सर्वांत सखोल अभ्यासलेली आहे. २००५च्या कतरिना वादळानंतर शहरातल्या बहुतेक शाळा राज्याने ताब्यात घेतल्या, शिक्षक आणि कर्मचारी हजारोंनी काढले गेले, आणि पुढच्या दीड दशकात जवळजवळ सगळ्या शाळा चार्टर झाल्या. मुलांचे निकाल खरोखर वर गेले. विरोधकांनीही हे मान्य करायला हवे. त्याच वेळी शहरातला काळा मध्यमवर्ग ज्या नोकऱ्यांवर उभा होता त्यातली एक मोठी नोकरी गेली, आणि जवळची शाळा म्हणजे आपली शाळा हे नाते तुटले. २०२४मध्ये त्या शहराच्या शालेय मंडळाने पुन्हा स्वतः चालवायची एक शाळा उघडली. शिकागोने २०१३मध्ये पट कमी झाला म्हणून सुमारे पन्नास शाळा एका झटक्यात बंद केल्या. मुले चांगल्या शाळांत जातील अशी अपेक्षा होती. शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाच वर्षांनी पाहणी मांडली, तेव्हा मुलांच्या शिकण्याला फायदा झाल्याचे दिसले नाही, गणितात तर नुकसान दिसले. आणि नेवार्क. २०१०मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी त्या शहराच्या शाळांना दहा कोटी डॉलर देऊ केले, दूरचित्रवाणीवर घोषणा झाली. बराच पैसा सल्लागारांच्या शुल्कात गेला, आणि शहरातल्या पालकांना आपल्या शाळांचे काय होणार हे बाहेरून ऐकावे लागले.

या तीन शहरांची नावे लक्षात ठेवून महाराष्ट्रातल्या २०२३च्या सप्टेंबर महिन्याकडे पाहावे. त्या एका महिन्यात राज्य सरकारने तीन निर्णय पुढे आणले. ६ सप्टेंबरला बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय, ज्यात शिक्षकांचीही पदे होती; प्रखर विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. १८ सप्टेंबरला दत्तक शाळा योजना: कंपन्या, संस्था किंवा व्यक्तींनी पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळा दत्तक घ्यावी, रोख पैसे न देता वस्तू आणि सेवा द्याव्यात, आणि हवे असल्यास शाळेच्या नावाला आपले नाव जोडावे. मोठ्या महापालिकांत पाच वर्षांसाठी २ कोटी, नगर परिषदा आणि ग्रामीण भागात ५० लाख असे मोल ठरवले गेले. आणि २१ सप्टेंबरला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे परिपत्रक. पुण्याजवळचे पानशेत आणि नंदुरबारचे तोरणमाळ ही त्याची उदाहरणे म्हणून पुढे करण्यात आली. राज्यात अशा शाळा १४ हजारांवर आणि त्यांत शिकणारी मुले १ लाख ८५ हजारांच्या आसपास.

दात्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. वर्गात संगणक आला, शौचालयाला दार लागले, तर कुणाच्या पैशाने, याचे मुलीला देणेघेणे नसते. आपल्याच प्रांतात याचा जुना अनुभव आहे. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम जन्मली, हे सर्वांना माहीत आहे. त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली: दानात मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी. कल्पना देखणी होती, पण शाळांचा प्रश्न त्यातून सुटला नाही. दानावर इमारत उभी राहते, दर महिन्याचा पगार निघत नाही. आज दहा वर्षांची दत्तक मुदत संपल्यावर त्या शाळेकडे कोण पाहणार, याचे उत्तर निर्णयाच्या कागदात असायला हवे होते.

पटाबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण सगळ्या वादाची नाडी तिथे आहे. आपल्याकडे शिक्षकांची पदे संच मान्यतेने ठरतात. ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि आता आधार जुळलेली मुलेच त्यात मोजतात. वाडीसारख्या वस्तीत याचा अर्थ काय होतो? छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेश किंवा गडचिरोली-गोंदियाकडून आलेले कुटुंब गोदामाच्या कामावर लागते, दिवाळीनंतर येते, मार्चपूर्वी दुसरीकडे जाते. मुलाचे आधार कार्ड एका स्पेलिंगचे, जुन्या शाळेचा दाखला दुसऱ्या स्पेलिंगचा. बाई त्याला वर्गात बसवतात, खिचडी देतात, वाचायला शिकवतात. पण शिक्षक मोजताना ते मूल नसते. पट घटतो, एक पद अतिरिक्त ठरते, त्या शिक्षकाचे दुसरीकडे समायोजन होते, उरलेल्या दोघांकडे पाच वर्ग येतात. मग शेजारचा पालक म्हणतो, शिक्षकच नाहीत, कॉन्व्हेंटमध्ये टाका. पट आणखी घटतो. वर बसलेला माणूस शेवटचा आकडा पाहतो आणि म्हणतो, लोकांनाच ही शाळा नको आहे.

लोकांना काय नको होते, हे त्या आकड्यात दिसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश सुनिश्चित करण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे, आणि नगर परिषदही त्या व्याख्येत बसते. म्हणजे कायद्याने चालक सांगितला आहे. व्यवहारात ते मूल शोधायला सर्वेक्षणाच्या दिवशी शिक्षकच दारोदार जातो, आणि त्याच शिक्षकाच्या गळ्यात निवडणुकीच्या याद्या असतात.

इंग्रजीच्या ओढीबद्दल आपल्याकडे फार तुच्छतेने बोलले जाते. विदर्भात बालवाडीपासून इंग्रजी शिकवणाऱ्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, आणि ट्रक-ड्रायव्हरची बायको आपल्या पोरीला त्यात घालण्यासाठी पैसे साठवते, यात हसण्यासारखे काही नाही. ती योग्यच गोष्ट मागते आहे: शिक्षक रोज येईल, वर्गाला एक वेगळी बाई असेल, मूल पुढे जाईल. नागपूर महापालिकेने आकांक्षा फाउंडेशनच्या सोबतीने इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या, मुंबई-पुण्यातही हे घडले आहे. पैसा आणि इमारत पालिकेची, चालवणारी संस्था वेगळी. अमेरिकेतल्या चार्टरशी याचे नाते उघड आहे. या शाळा पालकांना आवडतात, हे मी चांगले लक्षण मानतो. प्रश्न असा आहे की त्याच पालिकेच्या शेजारच्या मराठी आणि हिंदी शाळेतल्या मुलालाही तेच का मिळू नये. आणि राज्याचे २०२३चे ते निर्णय झाले तेव्हा त्यावर सभागृहात बोलायला नगरसेवक होते का? मार्च २०२२पासून नागपूर महापालिकेत कित्येक वर्षे प्रशासक होते. न्यूयॉर्कने महापौराकडे शाळा देण्यावरून वर्षानुवर्षे वाद घातला. आपल्याकडे लोकप्रतिनिधीच नाहीत अशी वर्षे गेली आणि शाळांच्या संदर्भात त्याची चर्चाही झाली नाही.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांचा वाद पुस्तकात सविस्तर आहे, म्हणून इथे एकच गोष्ट नोंदवतो. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून मोकळीक दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती दुरुस्ती रद्द केली. पुढे सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला. मला हा निकाल योग्य वाटतो. पण सोडतीत नंबर लागलेल्या मुलांचा आनंद पाहताना, नंबर न लागलेल्यांची शाळा कोणती, याकडे पाठ फिरवता येत नाही. जे सरकार शेजारी सरकारी शाळा आहे असे न्यायालयात सांगते, त्याने ती शाळा मूल पाठवण्याजोगी ठेवली आहे का, हे कुणी विचारायचे?

पुढच्या पानांत अमेरिकेच्या बाजूने आणि विरोधात, चार्टरच्या बाजूने आणि विरोधात लिहिणारी माणसे भेटतील. त्यांच्यात मी तटस्थ नाही. चालक बदलून शाळा सुधारते, असे मला वाटत नाही. चालक स्पष्ट असला आणि त्याला पालक रोज भेटू शकत असले तर सुधारते, असे वाटते. म्हणून शहर झालेल्या प्रत्येक वस्तीत तिथल्या शाळेच्या खर्चाची जबाबदारी नगर परिषदेकडे यावी, त्यासाठी राज्याने शिक्षण उपकरातला हिस्सा तिला परत द्यावा, शिक्षकांची नेमणूक आणि देखरेख शिक्षण खात्याकडे राहावी, आणि पट मोजताना वर्गात बसलेले प्रत्येक मूल मोजावे, ही माझी मागणी आहे.

वाचकाला एक विनंती. हे पुस्तक वाचून झाल्यावर, किंवा वाचायच्या आधीच, आपल्या वस्तीतल्या सरकारी शाळेत एकदा जाऊन या. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ते कोण आहेत ते विचारा. मग नगर परिषदेच्या कार्यालयात जा आणि यंदाच्या अर्थसंकल्पात त्या शाळेच्या नावाने किती रुपये आहेत, ते लेखी मागा.